भाषांतर म्हणजे हमाली नव्हे

१० ऑक्टोबर २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या लेखिका हान कांग यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले. कोरियन भाषेला मिळालेले हे साहित्याचे पहिलेच नोबेल. त्यानंतर आपल्याकडेही लेख आले. कोरियन साहित्याची थोरवी सांगून झाली, लेखिकेच्या आयुष्याचा आढावा घेऊन झाला. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत भाषांतरकारांच्या वाट्याला मात्र फार तर एक वाक्य आले होते. काही ठिकाणी तेवढेही नव्हते.

या अनुल्लेखामागे एक पक्की समजूत आहे. साहित्य निर्माण करतो तो लेखक. त्या साहित्याचे ज्ञान निर्माण करतात ते प्राध्यापक, समीक्षक, इतिहासकार. आणि भाषांतरकार? तो बंदरावरचा हमाल. या बोटीतले पोते त्या गोदामात नेऊन टाकायचे. पोते फाटले तर शिव्या खायच्या, नीट पोचले तर मजुरी घेऊन बाजूला व्हायचे. हमालाच्या घामाला मी कमी लेखत नाही. पण हमालाच्या पाठीवर पोत्यातला माल बदलत नाही. भाषांतरकाराच्या हातात तो बदलतो आणि कित्येकदा तिथेच तयार होतो. उर्दूत भाषांतराला तर्जुमा म्हणतात. त्याच कुळातला तर्जुमान हा शब्द दुभाष्यासाठी वापरतात आणि कुणाच्या वतीने बोलणाऱ्या प्रवक्त्यासाठीही. एखाद्या भाषेच्या वतीने जगाशी बोलणारा माणूस ज्ञानाच्या व्यवहारात नगण्य कसा असेल?

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याला आपण ‘आधुनिक कोरियन साहित्य’ म्हणतो ते, आणि त्या साहित्याविषयीचे शास्त्रशुद्ध म्हणवले जाणारे ज्ञान, ही दोन्ही भाषांतराच्या कारखान्यात घडली आहेत. हा कारखाना झाकून ठेवण्याचा उद्योग तिघांनी केला. कोरियातल्या राष्ट्राभिमानी साहित्येतिहासाने केला, इंग्रजी भाषेतल्या विद्यापीठांनी केला आणि पुस्तकांची निर्यात करणाऱ्या सरकारी धोरणाने केला. प्रत्येकाचा त्यात काही ना काही हितसंबंध होता.

सुरुवात ‘साहित्य’ या शब्दापासूनच करू. कोरियनमध्ये साहित्याला ‘मुनहाक’ म्हणतात. शब्द चिनी अक्षरांचा आणि फार जुना. त्याचा जुना अर्थ विद्या, अभिजात ग्रंथांचा अभ्यास. कथा-कादंबरी-कविता हा आजचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये चिकटला. युरोपीय ‘लिटरेचर’ला प्रतिशब्द म्हणून जपान्यांनी तीच दोन अक्षरे वापरली आणि हा नवा अर्थ तिथून कोरियात आला. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १९१६ साली तरुण लेखक यी क्वांग-सू यांनी ‘साहित्य म्हणजे काय’ असा प्रश्न विचारणारा एक लेख लिहिला. त्यात त्यांनी स्वच्छ सांगून टाकले की आपण आज ‘मुनहाक’ म्हणतो तो पाश्चात्त्य ‘लिटरेचर’ या शब्दाचा अनुवाद आहे. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, त्यांची ‘मुजॉंग’ ही कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः आली. तिला पहिली आधुनिक कोरियन कादंबरी मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे क्रम पाहा. आधी शब्दाचे भाषांतर झाले, मग त्या शब्दाला शोभेल अशी कादंबरी लिहिली गेली. भाषांतर इथे साहित्याच्या मागून चालत आलेले नाही, पुढे चालले आहे.

कवितेचेही तेच. १९२१ साली किम ऑक या कवीने व्हर्लेन, बोदलेर वगैरे युरोपीय कवींच्या अनुवादांचा संग्रह काढला. ‘वेदनेचे नृत्य’ असे त्याचे नाव मराठीत करता येईल. कोरियन भाषेतला आधुनिक कवितेचा हा पहिला संग्रह, आणि तो अनुवादांचा! कोरियन कवीच्या स्वतःच्या आधुनिक कवितांचे पहिले पुस्तक १९२३ सालचे. तेही याच किम ऑक यांचे. हा मनुष्य एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचा कट्टर पुरस्कर्ता होता. फ्रेंच कविता त्याने जपानी, इंग्रजी आणि एस्पेरांतो अशा तीन आधारांवर भार टाकत कोरियनमध्ये आणली. शुद्धतावाद्यांना हे सोवळे मोडल्यासारखे वाटेल. पण त्या मिश्र काठ्यांच्या आधारानेच नवी कोरियन कविता उभी राहिली, हे कसे नाकारणार?

आपल्या उपखंडाचा एक धागाही याच कारखान्यातून गेला आहे. किम ऑक यांनी १९२३ साली टागोरांची ‘गीतांजली’ कोरियनमध्ये आणली आणि १९२४ साली ‘द गार्डनर’. बंगाली कवितेचे टागोरांनी स्वतः इंग्रजी केले आणि तिथून ती कोरियनमध्ये उतरली. १९२६ साली हान योंग-उन यांचा ‘निम-उई चिम्मुक’ हा प्रसिद्ध संग्रह आला. हे बौद्ध भिक्षू होते, १९१९च्या स्वातंत्र्य घोषणापत्रावर सही करणाऱ्यांपैकी होते. या संग्रहात टागोरांचे ते पुस्तक वाचून लिहिलेली एक कविता आहे आणि तिच्या शीर्षकात ‘गार्डनिस्तो’ हा शब्द आहे. माळी या अर्थाचा हा शब्द बंगाली नाही, इंग्रजी नाही, कोरियन नाही, जपानीही नाही. तो एस्पेरांतो आहे. म्हणजे गुलामीत पडलेल्या एका देशातला भिक्षू दुसऱ्या गुलाम देशातल्या कवीशी वाद-संवाद करतो आणि मधल्या भाषांतरकाराची खूण त्याच्या कवितेच्या कपाळावर राहून जाते. या कवितेचा अभ्यास भाषांतरकाराला वगळून करणार कसा?

टागोरांबाबत याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२९ साली त्यांनी कोरियाविषयी चार ओळी लिहिल्या. त्या ‘दोंगा इल्बो’ या वर्तमानपत्रात अनुवादाच्या रूपाने छापून आल्या. पुढे कधीतरी या ओळींना ‘गीतांजली’तल्या ३५व्या कवितेचे शेपूट जोडले गेले. ती सगळी एकच कविता, आणि तीही कोरियासाठी लिहिलेली, असा समज कोरियात पसरला. टागोरांनी जी कविता ‘आपल्या’ देशासाठी लिहिली ती दुसऱ्या देशाला बहाल झाली! भाषांतर ज्ञान घडवते, तसे अज्ञानही घडवते. म्हणून तर त्याच्यावर नजर ठेवायची. हमाली म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली, तर अशा जोडकामांचा पत्ताही लागत नाही.

कथा-कादंबरीच्या प्रांतात रशियन साहित्याचे वजन मोठे होते. १९०८ साली निघालेल्या ‘सोन्यॉन’ या मासिकात टॉल्स्टॉयच्या गोष्टी लगेच, १९०९ सालीच, येऊ लागल्या. चो म्यॉंग-ही यांनी तुर्गेनेव्हची ‘ऑन द ईव्ह’ कोरियनमध्ये आणली आणि १९२७ साली ‘नाकतोंग नदी’ ही गाजलेली कथा लिहिली. क्रांतिकार्यात झिजलेला नायक आणि त्याचे काम पुढे नेणारी स्त्री हा या कथेचा गाभा समजून घ्यायचा तर तुर्गेनेव्हच्या अनुवादाशी तो ताडून पाहावाच लागतो. यातले बहुतेक रशियन साहित्य कोरियात जपानीवरून आले. ही-क्यॉंग चो या अभ्यासिकेने २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच सगळा मार्ग उकलून दाखवला. पुस्तकाच्या नावातच भाषांतराच्या ‘विसरलेल्या इतिहासा’चा उल्लेख आहे. त्याआधी २००४ साली थेरेसा ह्युन यांनी वसाहतकाळातल्या कोरियन स्त्रियांचे लेखन आणि भाषांतर यांचा संबंध एका स्वतंत्र पुस्तकात तपासला होता. पण मुळात हा इतिहास विसरला गेला कसा? आपोआप? माझ्या मते नाही. तो विसरायला लावला गेला.

त्याची कथा अशी. १९४० साली इम ह्वा या कवी-समीक्षकाने नव्या कोरियन साहित्याचा इतिहास लिहायची पद्धत मांडली. नवे साहित्य हा परक्या साहित्याच्या रोपणाचा इतिहास आहे, हे त्याचे गाजलेले विधान. रोप बाहेरचे, माती इथली. इम ह्वाने मातीचा विचार सोडला नव्हता. आलेले आणि वारशाने मिळालेले यांच्या देवघेवीतून रोपण होते, हेही त्याने सांगितले होते. पण पुढे लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त ‘रोपण’ हा शब्द, तोही शिवीसारखा. इम ह्वा १९४७ साली उत्तर कोरियात गेला आणि १९५३ साली तिथल्या राजवटीने अमेरिकेचा हेर ठरवून त्याला ठार केले. इकडे दक्षिणेत उत्तरेला गेलेल्या लेखकांच्या पुस्तकांवर बंदी आली. त्यांचे नाव छापायची वेळ आलीच तर एका अक्षराच्या जागी पोकळ वर्तुळ छापायचे, अशी रीत पडली. ही बंदी बहुतांशी उठली ती १९८८ साली.

मधल्या काळात, १९७३ साली, किम युन-शिक आणि किम ह्यॉन या दोन तरुण विद्वानांचा ‘कोरियन साहित्याचा इतिहास’ आला. रोपणाच्या सिद्धांतावर मात करायची, हा त्यांचा उघड हेतू होता. कोरियन आधुनिकतेची पहाट त्यांनी अठराव्या शतकात मागे नेली. बाहेरून काही यायच्या आधीच आमच्या समाजाच्या पोटात आधुनिकता हलू लागली होती, असा त्यांचा दावा. वसाहतीच्या अपमानातून बाहेर पडू पाहणाऱ्या देशात हे का लिहिले गेले, ते मी समजू शकतो. गुलामीचे शिक्षण घेतलेल्या प्रत्येक समाजाला असा इतिहास हवासा वाटतो. पण ज्याच्याशी हा वाद चालला होता त्याची पुस्तके दुकानात मिळत नव्हती! गैरहजर माणसाशी झालेला वाद जिंकायला सोपा असतो. आणि त्या विजयाची किंमत भाषांतराने चुकवली. भाषांतर म्हणजे उसनवारी, उसनवारी म्हणजे कमीपणा, म्हणून ते इतिहासाच्या तळटीपेत ढकलायचे, अशी वहिवाट पडली.

याच वहिवाटीने आणखी एक वर्ग बेघर केला. जपानी राजवटीच्या अखेरच्या काळात कोरियन भाषेची गळचेपी झाली. १९३८ साली ती शाळेत ऐच्छिक झाली. १९४० साली दोन मोठी कोरियन वर्तमानपत्रे बंद पाडण्यात आली. अशा काळात किम सा-र्यांग जपानीत लिहीत होता. त्याची कथा १९४० साली जपानच्या अकुतागावा पुरस्काराच्या अंतिम विचारात होती. हा लेखक कुणाचा? जपानी साहित्याचा इतिहास त्याला आपला मानायला नाखूश. कोरियन साहित्याचा इतिहास म्हणतो, कोरियनमध्ये लिहिले तेच कोरियन साहित्य. १९६६ साली इम जोंग-गुक यांनी जपानधार्जिण्या साहित्याचा मोठा पंचनामा केला. तो आवश्यक होता, कारण तोवर सगळे सोयीस्कर गप्प होते. पण त्यानंतर जपानीत लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर संशयाचा शिक्का बसला. जपानीत लिहिणारे सगळेच काही गद्दार नव्हते. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून लिहिणे हाही एक अनुभव असतो, आणि त्याचे ज्ञान एकभाषिक इतिहासाला होऊच शकत नाही. नायॉंग एमी क्वॉन यांच्या २०१५ सालच्या पुस्तकाने या लेखकांकडे पुन्हा पाहायला लावले, तेव्हा मधे पाऊण शतक उलटून गेले होते.

भाषांतर ही समीक्षा असते, याचा याहून चांगला पुरावा हवा असेल तर किम सो-उन आणि किम शी-जोंग यांच्याकडे पाहावे. किम सो-उन यांनी १९४० साली कोरियन कवितांचा जपानी अनुवाद प्रसिद्ध केला. तो इतका गोड, इतका लयदार होता की जपानी रसिक हरखून गेले. किम शी-जोंग तेव्हा शाळकरी पोर होते. १९४८ साली जेजू बेटावर उठाव झाला आणि सरकारने हजारो माणसे मारली. त्यातून वाचून ते १९४९ साली जपानला पळाले आणि आयुष्यभर जपानीत कविता लिहीत राहिले. २००७ साली त्यांनी तेच कोरियन काव्य नव्याने जपानीत आणले आणि पुस्तकाच्या नावातच ‘पुनरनुवाद’ असे बजावले. त्यांचा आक्षेप असा की जुन्या अनुवादाची ती मोहक लय मुळात जपानी काव्याची होती. तिच्यात कोरियन कवितेची हाडे विरघळून गेली. ज्या लयीने लहानपणी त्यांना साम्राज्याच्या प्रेमात पाडले, तीच लय त्यांनी म्हातारपणी मोडून काढली. वसाहतवादाने कवितेचे काय केले, यावर शेकडो पानांचे प्रबंध लिहिता येतील. या कवीने एकाच कवितेचे दोन अनुवाद शेजारी उभे करून ते दाखवून दिले. याला ज्ञाननिर्मिती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आता इंग्रजीकडे येऊ. कोरियनचे इंग्रजीतले पहिले मोठे भाषांतरकार मिशनरी होते. कॅनडाचे जेम्स गेल यांनी १८९५ साली ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ कोरियनमध्ये आणले आणि १८९७ साली कोरियन-इंग्रजी शब्दकोश काढला. ही कामे कोरियन सहकाऱ्यांशिवाय झालीच नसती. पण पुस्तकावर ठसठशीत नाव गेल यांचे. कोरियन युद्धानंतर धर्मगुरू आले, आणि १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक आले. त्यांतले काही भाषा शिकून भाषांतरकार आणि प्राध्यापक झाले. यांच्यातल्या अनेकांनी कोरियन साहित्यावर मनापासून प्रेम केले, हे निर्विवाद. त्यांच्या नियतीवर मी बोट ठेवत नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था अशी चालते. कोरियाकडून कादंबऱ्या आणि कविता घ्यायच्या. त्यांच्यावर लावायचा सिद्धांत मात्र पॅरिसचा किंवा न्यूयॉर्कचा. कोरियन समीक्षकाने आपल्या साहित्याविषयी काय विचार केला, हे इंग्रजीत आणण्याची घाई कुणालाच नाही. किम युन-शिक २०१८ साली वारले. शंभराहून अधिक पुस्तके लिहिलेला हा माणूस. त्याचे इंग्रजीत काय आहे? एखाददुसरे पुस्तक. वसाहतकाळातल्या कोरियन विचारवंतांच्या निबंधांचा इंग्रजी संग्रह विद्यापीठाच्या प्रकाशनातून आला तो २०१३ साली. उलट दिशेने पाहा. एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएंटालिझम’ १९९१ साली कोरियनमध्ये आलेले होते. जपानी समीक्षक कारातानी कोजिन यांनी ‘आधुनिक साहित्याचा अंत’ जाहीर केला. २००४ साली तो लेख कोरियन नियतकालिकात छापून आला आणि तिथे मोठे वादळ उठले. कोरियन विद्वान जगभरचे वाचतो, अनुवाद करतो, वाद घालतो. जग त्याची कादंबरी वाचते, त्याचा वाद वाचत नाही. एकाकडे कच्चा माल, दुसऱ्याकडे कारखाना. कापूस पिकवून कापड विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गणित नव्याने समजावून सांगायला नको.

आणि जो हे चित्र बदलू शकतो त्या भाषांतरकाराला विद्यापीठात किंमत काय? अमेरिकेत प्राध्यापकाची नोकरी कायम करताना भाषांतर हे संशोधन म्हणून सहसा धरले जात नाही. तिथल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनला २०११ साली खास मार्गदर्शक सूचना काढून सांगावे लागले की भाषांतराचेही विद्वत्तापूर्ण काम म्हणून मूल्यमापन करा. कोरियातही बढतीचे गुण शोधनिबंधांच्या मोजणीवर ठरतात, आणि त्या हिशेबात भाषांतर मागच्या बाकावर बसते. तीस पानांच्या निबंधाला जे वजन, ते तीनशे पानांच्या अवघड अनुवादाला नाही. मग तरुण अभ्यासकाने इम ह्वाचा अनुवाद करण्यात चार वर्षे का घालवावीत? तो इम ह्वावर इंग्रजीत निबंध लिहून मोकळा होतो. वाचकाला इम ह्वा मिळतच नाही, इम ह्वाविषयीचे मत तेवढे मिळते.

मग सगळ्यांचे भाषांतराकडे लक्ष कधी जाते? चूक सापडली की! हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ मूळ कोरियनमध्ये २००७ साली आली. डेबोरा स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला आणि २०१६ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि भाषांतरकार यांत निम्मी-निम्मी वाटली गेली. मग तपासणी सुरू झाली. ‘पाल’ म्हणजे हात आणि ‘बाल’ म्हणजे पाय, यांत गफलत सापडली. वाक्ये गाळलेली सापडली. पहिल्या भागाचा १०.९ टक्के मजकूर चुकीचा आणि ५.७ टक्के गाळलेला, असा हिशेब सोलच्या एका विद्यापीठात सादर झालेल्या निबंधात मांडला गेला. मूळची कोरडी, आखडती शैली इंग्रजीत भरजरी झाली, असाही आक्षेप आला आणि तो मला टक्केवारीपेक्षा जास्त गंभीर वाटतो.

मी शिक्षक आहे. चूक ती चूक, तिच्याखाली लाल रेघ ओढलीच पाहिजे. पण पेपर तपासताना नुसत्या चुका मोजून विद्यार्थ्याला काय समजले ते कळत नाही. या वादात कितीजणांनी पुढचे प्रश्न विचारले? त्या मुखर, भरजरी शैलीनेच इंग्रजी वाचक जिंकला असेल, तर इंग्रजी वाचकाची आवड हाच तपासाचा विषय का नाही? प्रकाशकाच्या संपादकाचा हात कुठे कुठे लागला? याच कादंबरीचा स्पॅनिश अनुवाद सुनमे युन यांनी २०१२ सालीच केला होता, अर्जेंटिनात तो छापला गेला होता. मग जगाने ही कादंबरी २०१५ साली ‘शोधली’ असे आपण का म्हणतो? इंग्रजीत येईपर्यंत पुस्तक जगात आलेच नाही, असे मानणारी ही जी दृष्टी आहे, तिच्या चुका कोण मोजणार? एका भाषांतरकार बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे होते. पिंजरा बांधणारे मोकळे सुटले.

तिसरा वाटेकरी सरकार. दक्षिण कोरियाने १९९६ साली साहित्याच्या भाषांतरासाठी निधी उभारला आणि २००१ साली त्याची रीतसर संस्था केली. अनुदान द्यायचे, भाषांतरकार तयार करायचे, परदेशी प्रकाशक गाठायचे, अशी या संस्थेची कामे. या कामाचे मी स्वागतच करतो. एखादे सरकार भाषांतरावर इतका पैसा खर्च करते, याचा आपल्याला हेवा वाटला पाहिजे. पण निर्यातीच्या भाषेची एक खोड असते. तिला किती पुस्तके गेली, किती भाषांत गेली, बक्षीस मिळाले की नाही, एवढेच कळते. नोबेल येईपर्यंत दर वर्षी ऑक्टोबरात तिथली वर्तमानपत्रे आशा लावून बसायची. बक्षीस पदरात पडायचे तर कादंबरी पाठवावी लागते, समीक्षेला कोण बक्षीस देणार? याच हिशेबी वृत्तीची हद्द २०२३ साली दिसली. या संस्थेच्या नवोदित भाषांतरकारांच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या एका वेबटूनच्या अनुवादात यंत्रभाषांतराची मदत घेतल्याचे उघड झाले आणि एकच गदारोळ उठला. मी म्हणतो, यात आश्चर्य कसले? भाषांतर म्हणजे पोते पोचवणे असे एकदा ठरवल्यावर हमालाच्या जागी यंत्र आले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

कुणी म्हणेल, भाषांतरकाराला इतके डोक्यावर घेतले तर मूळ लेखकाचे काय? आणि वाईट भाषांतरालाही ‘ज्ञाननिर्मिती’ म्हणून संरक्षण मिळेल त्याचे काय? आक्षेप गैरलागू नाही. पण नीट पाहिले तर उलटेच घडते. ज्याला हमाल मानले त्याला जाब विचारता येतो तो फक्त तुटफुटीचा. ज्याला अभ्यासक मानले त्याला प्रत्येक निर्णयाचा जाब विचारता येतो. हा शब्द का निवडलास, हे वाक्य का तोडलेस, ही शिवी का सौम्य केलीस? डॉन मी चोई या कवयित्रीने किम ह्ये-सून यांच्या कविता इंग्रजीत आणल्या. भाषांतर हे नववसाहतवादाच्या विरोधातले काम आहे, अशी उघड भूमिका घेऊन त्यांनी २०२० साली पुस्तिका लिहिली. कोरियावर अमेरिकेच्या लष्कराची सावली असताना कोरियन कविता अमेरिकन इंग्रजीत नेणे म्हणजे काय, याचा त्या हिशेब देतात. त्यांची भूमिका पटो न पटो, तिच्याशी वाद घालता येतो. अदृश्य भाषांतरकाराशी वाद घालता येत नाही. म्हणून माझी मागणी सवलतीची नाही, जबाबदारीची आहे.

शेवटी आपल्याविषयी. मराठी काय, उर्दू काय, आपल्यापर्यंत कोरिया पोचतो तो बहुतांशी इंग्रजीच्या दारातून. मी स्वतः हे सगळे इंग्रजीतूनच वाचले आहे. मधल्या भाषेतून वाचणे हा काही गुन्हा नाही. किम ऑक यांनी तेच केले आणि त्यातून एका भाषेची आधुनिक कविता जन्मली. पण मधली भाषा लपवणे ही लबाडी आहे. इंग्रजीवरून केलेला अनुवाद ‘मूळ कोरियन’ म्हणून वाचकाच्या हाती ठेवला, की इंग्रजीने केलेली निवड, इंग्रजीने चढवलेले दागिने आणि इंग्रजीने गाळलेली वाक्ये हीच कोरिया म्हणून आपल्या डोक्यात बसतात. मग आपण कोरियाविषयी बोलतो ते खरे तर लंडनविषयी बोलत असतो.

यावर उपाय अगदीच अशक्य नाहीत. परदेशी पुस्तक मराठीत येते तेव्हा ते कोणत्या भाषेतून, कुणाच्या अनुवादावरून आले, हे पहिल्या पानावर छापावे. मधल्या भाषांतरकाराचे नाव मूळ लेखकाच्या नावाइतक्याच स्पष्टपणे द्यावे. भाषांतरकाराने काय गाळले, काय बदलले आणि का, हे दोन पानांत सांगावे. परीक्षण लिहिणाराने ती दोन पाने वाचून मगच लेखणी उचलावी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन भाषेचे रीतसर शिक्षण मिळते. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी किंवा उर्दूभाषक मुलामुलीला कुणी प्रकाशकाने विचारावे, बाळ, थेट कोरियनमधून आमच्यासाठी काही आणशील का? आणि आणायचेच असेल तर एका कादंबरीबरोबर एक समीक्षेचे पुस्तकही आण. हान कांग यांची कादंबरी आपल्याला रडवील, आणि त्यात गैर काहीच नाही. पण कोरियन माणूस आपल्या साहित्याबद्दल विचार कसा करतो, भांडतो कसा, चुकतो कुठे, हे इम ह्वा आणि किम युन-शिक यांच्याकडूनच कळेल. ते ज्या दिवशी मराठीत येतील त्या दिवशी मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली त्याच टायपात, त्याच आकारात, दुसरेही एक नाव असले पाहिजे.